वाकडकानीचं मागचं

वाघ दिसला नाही की जिप्सीतली माणसं माझ्याकडे असं बघायची, जणू मी तो सकाळीच घरी गोठ्यात बांधून आलो आहे. सव्वीस वर्षं ही नजर सोसली. नागझिऱ्यात गाईड होतो. आता गुडघ्यांनी जबाब दिला, म्हणून घरी बसलो. तोंडानं अजून दिला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आमचा धंदा बाहेरच्या माणसाला फार सोपा वाटतो. ड्रायव्हरच्या बाजूला बसायचं, बोट दाखवायचं, "थे पाहा चितळ" म्हणायचं, संपलं. पण हिशेब असा की फेरी तीन-साडेतीन तासांची. त्यात वाघ दिसलाच तर दोन मिनिटं दिसतो, आणि त्यातलं एक मिनिट तुमच्या समोरच्या माणसाच्या टोपीमागे जातं. उरलेला वेळ वाघ सांभाळत नाही, गाईड सांभाळतो. तो कशानं सांभाळतो, हे मला सुरुवातीला कोणी शिकवलं नव्हतं.

पहिल्या वर्षी मी पाठांतर म्हणून दाखवायचो. हा ऐन, हा धावडा, हा बीजा, हा पक्षी इकडचा, तो पक्षी हिवाळ्यात येणारा. एकदा नागपूरचे एक डॉक्टर माझं ऐकता ऐकता असे गाढ झोपले की समोरून रानगव्यांचा कळप गेला तरी हलले नाहीत. मी जागं करायला गेलो तर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "राहू द्या हो. घरी गोळी घेऊनही झोप येत नाही त्यांना." परत जाताना त्यांनी माझे दोनदा आभार मानले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा आमच्यात झामाजी नावाचे म्हातारे गोंड मजूर होते. वाघाचा माग काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी मला रस्त्यावरचा एक ठसा दाखवला आणि विचारलं, "हे काय होय?"

"वाघाचा पंजा," मी म्हटलं.

"कोन्या वाघाचा? कुठून येऊन राहिला? काऊन येऊन राहिला?"

"मले काय माहीत जी?"

"मंग लोकाईले काय दाखवतं? चिखल?" झामाजी म्हणाले. "ठसा दाखवू नोको. ठसा कोनाचा थे सांग."

त्या दिवसापासून मला धंदा कळला. जनावर समोर असो नसो, त्याचं मागचं सांगायचं. ही आईपासून कधी वेगळी झाली, हा लंगडा कशानं झाला, ह्या दोघांचं भांडण कोणत्या नाल्यावरून आहे. एकदा मागचं कळलं की नुसता ठसा बघूनही माणसाचा श्वास अडकतो. नाही कळलं तर वाघ समोर उभा असला तरी तो फोटोच राहतो.

त्याच्याही पद्धती आहेत. गेटवरच सगळं सांगून टाकणारा गाईड कच्चा. मागचं त्या जागेवर गेल्यावर सांगावं, गाडी बंद करून सांगावं, आणि थोडं सांगावं. लोकांना वाटलं पाहिजे की ह्याला अजून माहीत आहे, पण हा बोलत नाही. एक गोष्ट नेहमी हातची राखावी. ती शेवटच्या वळणावर, गेट दिसायच्या आधी सोडावी. म्हणजे माणूस घरी जाताना रिकाम्या हातानं जात नाही.

आम्ही पोवार. पूर्वज माळव्यातून इकडे आले म्हणतात. आमच्याकडे साधं लग्नाचं बोलणं असलं तरी म्हातारे माळव्यापासून सुरुवात करतात. तेव्हा मागचं सांगायची खोड माझ्या रक्तातच होती, झामाजींनी फक्त तिला वाट दाखवली.

आता वाकडकानीचं.

वाकडकानी ही वाघीण. कुठल्या तरी भांडणात तिचा डावा कान मुडपला होता, म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. तिच्याबद्दल सोळा आणे खरं एवढंच आहे. तिला एक नर पिल्लू होतं. ते तिच्यासोबत एका बोडीवर दिसायचं. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. पिल्लू मोठं झालं आणि एका उन्हाळ्यात निघून गेलं, सगळे नर जातात तसं. त्यानंतरही वाकडकानी दर उन्हाळ्यात त्याच बोडीवर दिसत राहिली, कारण त्या भागात मे महिन्यात दुसरीकडे पाणीच राहत नाही. संपलं. बाकी सगळं माझं.

मी सांगायचो की पिल्लू गेलं त्या दिवशी ती घरी नव्हती. शिकारीला गेली होती. परत आली तर जागा रिकामी. तेव्हापासून मोहाची फुलं गळायला लागली की ती इथे येते आणि रस्त्याकडे तोंड करून बसते. पाणी पिऊन झालं तरी उठत नाही. एवढं सांगून मी गप्प व्हायचो. मग आमचा ड्रायव्हर मुन्ना गाडी चालू करायचा. त्याला वेळ बरोबर पाठ झाली होती.

गोंदियाचं एक कापडवाल्यांचं कुटुंब आलं होतं. शेठ गेटपासूनच सुरू. "भाईसाब, टायगर नहीं दिखा तो?" मी म्हटलं, जंगल आहे, दुकान नाही. त्यांना ते लागलं. त्या दिवशी वाघ दिसला नाहीच. बोडीवर गाडी थांबवली, मागचं सांगितलं. बोडीवर एक बगळा होता फक्त. शेठ त्या रिकाम्या काठाकडे बघत राहिले. मुन्नानं गाडी चालू केली तर म्हणाले, "रुको जरा. शायद आ जाए." मुन्नानं इंजिन परत बंद केलं. मुर्री गावच्या शाळेतल्या एक बाई तर ह्या गोष्टीसाठी तीन उन्हाळे आल्या.

पण लोकांना शेवट लागतो. "मग पिल्लू आलं का परत?" हे प्रत्येक गाडीत कोणीतरी विचारायचं. पहिली दोन-तीन वर्षं मी खांदे उडवायचो. मग एकदा एका पोरीचे डोळे बघून मला राहवलं नाही, आणि मी शेवट जोडून दिला. म्हटलं, एका वर्षी आलं. पूर्ण वाढलेला वाघ झाला होता. ती एका काठावर, तो दुसऱ्या काठावर. तो पाणी प्याला, थोडा वेळ बसला आणि गेला. त्या दिवसानंतर ती रस्त्याकडे तोंड करून बसत नाही. हा शेवट मी गेट दिसायच्या आधीच्या वळणासाठी राखून ठेवला. सव्वीस वर्षांत माझं नाव झालं असेल तर ह्या एका शेवटावर झालं.

उचलली जीभ, लावली टाळ्याला, असं मात्र नव्हतं ते. ही गोष्ट मी डोक्यातून काढली नव्हती, घरातून काढली होती.

आमचं गाव जंगलाला लागून, गोंदिया-कोहमारा रस्त्यापासून आत. मी सात वर्षांचा असताना माझा मोठा भाऊ तुळशीराम घर सोडून गेला. त्याला आम्ही तुळश्या म्हणायचो, तो सतरा वर्षांचा. झालं असं की तो बैल चारायला गेला आणि झाडाखाली झोपला. जोडीतला एक बैल जंगलात शिरला आणि वाघानं मारला. नांगरणी तोंडावर आलेली. बा रात्रभर बोलला नाही, आणि बोलला ते असं की, "तुह्या जागी बैल वाचला असता तं बरं झालं असतं." बा वाईट नव्हता. पण ते वाक्य परत घेता येत नव्हतं, आणि त्यानं घेतलंही नाही. दुसऱ्या दिवशी माय पहाटेच मोह वेचायला जंगलात गेली. दुपारी डोक्यावर टोपली घेऊन परत आली तर तुळश्याच्या वाटचा भात तसाच झाकलेला. कोहमाऱ्याला कोणीतरी त्याला रायपूरकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये चढताना पाहिलं. तेवढंच.

ज्या जनावरापायी आमचं घर मोडलं त्याच्याच जिवावर मी पुढे पोट भरलं. ह्यावर हसायचं की रडायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

माय तेव्हापासून फाट्यावर बसू लागली. आमच्या गावाचा रस्ता जिथे डांबरीला मिळतो तिथे एक मोठा मोह आहे. रोज दुपार कलली की त्याच्याखाली. सोबत टोपली. मोहाचे दिवस असोत नसोत, टोपली असायचीच. बायका चिडवायच्या, "काय वं माय, श्रावणात मोह वेचतं का?" ती म्हणायची, "तुह्या बापाचं काय गेलं?" तोंडाची फटकळ. तिथे का बसते, हे तिनं कोणाला कधी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. बा गेला, माझं लग्न झालं, पोरं झाली, रस्ता मोठा झाला. माय बसत राहिली. मी जिप्सीतून पर्यटक घेऊन त्याच फाट्यावरून जायचो आणि मागच्यांना दुसऱ्या बाजूचं काहीतरी दाखवायचो.

तर माझी चूक.

पावसाळ्यात जंगल बंद होतं. एका वर्षी ते बंद व्हायच्या आधी आम्हा गाईड आणि ड्रायव्हर लोकांच्या घरच्यांना एक फेरी फिरवायचं ठरलं. मुन्नानं बायकोला आणि दोन पोरींना आणलं, मी मायला. ती नाही म्हणत होती. "जंगल काय पाहाचं? म्या काय मुंबईची होय?" शेवटी टोपली घेऊन चढली.

आत गेल्यावर माझं काही चाललंच नाही. मी तोंड उघडायच्या आधी माय बोलायची. "हा मोह आपला होता. थो पाटलाचा. ह्याचा फूल गोड, थ्याचा तुरट." पूर्वी प्रत्येक घराचे मोह ठरलेले असायचे, दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलायचं नाही. जंगल राखीव झालं, वेचणं बंद झालं, पण तिला एकेक झाड ओळखू येत होतं. मुन्ना म्हणाला, "काका, आज तो आपकी छुट्टी." मला ते जरा लागलं, खोटं कशाला बोलू? मायनं माझं काम कधी पाहिलं नव्हतं. तिनं एकदा ऐकावं, असं मनात होतंच.

गाडी बोडीवर आली. मुन्नानं सवयीनं इंजिन बंद केलं. त्याची बायको म्हणाली, "भाईजी, वो बाघिन वाला सुनाओ ना." आणि माझी जीभ सुरू झाली. गाडी बंद झाली की ती अशीच सुरू व्हायची, मधे मी नसायचोच. शिकारीला गेली होती, परत आली, जागा रिकामी, मोह गळायला लागला की येते, रस्त्याकडे तोंड करून बसते. अर्ध्यात माझ्या लक्षात आलं की मागे कोण बसलं आहे. थांबता येईना. थांबलो असतो तर सांगितल्यापेक्षा जास्त झालं असतं. मुन्नाच्या धाकट्या पोरीनं विचारलं, "फिर बच्चा आया?" वळणापर्यंत थांबायचं भान राहिलं नाही. तिथेच शेवटही सांगून टाकला. दोन काठ, तो पाणी प्याला, बसला, गेला.

माय बोडीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. परतीच्या वाटेवर तिनं एकही झाड ओळखलं नाही.

घरी आल्यावर पाय धुता धुता म्हणाली, "माह्यं मागचं वाघिनीले लावलं तुनं."

मी म्हटलं, "चुकलो, माय."

"वाघीन बसते का अशी कधी? लेकरू गेलं का ती दुसरं करते." पदरानं पाय पुसले आणि आत गेली. दोन दिवस ती माझ्याआधीच चहा पिऊन उठली. मी मनातल्या मनात थोबाडीत मारून घेतल्या. घरातली एकच गोष्ट, जिला कोणी हात लावला नव्हता, ती मी बाहेरच्या हजार माणसांना दाखवली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ती बशीत बघत म्हणाली, "थो आला तवा... दुबळा होता का गा?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातला कप खाली ठेवला. मी खोटं बोलून राहिलो हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. तरी ती तुळश्याचं विचारत होती. मी म्हटलं, "नाही, माय. चांगला भरला होता."

"हं," ती म्हणाली आणि चहा संपवला.

मग रोज सकाळी एक प्रश्न. एवढी वर्षं कुठे होता? मी म्हटलं, भिलाईकडे, एका गॅरेजमध्ये. तिनं मान हलवली. "नाई. त्याले तेलाचा वास सहन नव्हता होत. वखारीत असंन, लाकडाच्या." बरं, वखारीत. बायको कशी आहे? मी म्हटलं, सावळी, कामाची. "वांगं खाते का तो आता?" मी खातो म्हणालो, तर उसळली, "तुले काय मालूम? वांग्यावर तो ताट सारत होता."

असे तीन-चार महिने गेले. हजारो लोकांना मागचं सांगितलं, पण असा ऐकणारा भेटला नाही. माझी प्रत्येक चूक ती पकडायची, आणि पकडता पकडता मला माझा भाऊ सांगायची. मला तो आठवतच नव्हता, हे तोवर मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. डावखुरा होता. मला खांद्यावर घेऊन नाल्यापलीकडे न्यायचा. झोपेत बोलायचा. हे सगळं मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. मला त्याची जी आठवण येते ती अशी उसनी आहे, पण येते. फार येते.

आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की मायनं फाट्यावर जाणं सोडलं. टोपली खुंटीला होती. गावातल्या बायकांनी विचारलं तर म्हणाली, "झालं आता." मला बरं वाटायला पाहिजे होतं. मला भीती वाटली. चाळीसच्या वर वर्षं जे तिनं धरून ठेवलं होतं ते मी एका बनावट शेवटानं सोडवून घेतलं की काय? आणि समजा तुळश्या खरंच आला, आणि फाट्यावर कोणी नसलं तर?

मी हे तिला बोलून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. सुपातलं बोट थांबलं. "तुले एक सांगतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायाही असंच बोलतात. "त्या दिवशी सकाळी मी मोहाले निघाली तवा तो मांगं मांगं आला. म्हणे, माय, मी बी येऊ का? मी म्हटलं, नोको. बापाच्या नजरेसमोर राह्य, म्हंजे त्याचा राग उतरंन. मले वाटलं, भल्याचं सांगून राहिली." मग पुन्हा निवडायला लागली. "मी 'चाल' म्हणाले पाह्यजे होतं. एवढंच त्याले सांगाचं होतं. दुसरं काई नाई."

हातचं राखणं मी नव्या गाईडांना शिकवत होतो. मायनं जन्मभर एक गोष्ट राखली, आणि ती कोणाला गुंगवण्यासाठी नव्हती. त्याच हिवाळ्यात ती गेली. पुढच्या उन्हाळ्यात वाकडकानीही दिसली नाही, आणि मीही काम सोडलं.

आता दुपार कलली की मी फाट्यावर जाऊन बसतो. टोपली नेत नाही, काठी असते. बायको म्हणते, "तुमाले काय झालं?" मी म्हणतो, गुडघ्याला चालणं सांगितलं आहे. माझ्या जागी सुनीता नावाची मुलगी गाईड झाली. हुशार आहे, मीच शिकवली. मागच्या मोहाच्या दिवसांत तिची जिप्सी फाट्यावर थांबली, इंजिन बंद झालं. मी समजलो. सहा माणसं माझ्याकडे बघत होती, आणि सुनीता हळू आवाजात मागचं सांगत होती. वाघिणीचं नाही, माझं. भाऊ गेला, आई बसायची, आता हे बसतात. चांगलं सांगत होती पोरगी, कुठे थांबायचं ते तिला कळतं.

मागच्या सीटवरच्या एका गृहस्थांनी विचारलं, "मग आला का भाऊ?"

सुनीतानं माझ्याकडे पाहिलं. शेवट द्यायचा का, हे ती नजरेनंच विचारत होती. माझ्याजवळ तयार होता की. भरलेला होता, वखारीत होता, वांगं अजून खात नाही.

मी म्हटलं, "नाई जी. अजून नाई आला."

गाडी गेली. पण गुडघे म्हणतात फार दिवस बसणं होणार नाही, आणि मायचा निरोप माझ्याबरोबर जळून जाऊ नये. हे ज्यात छापून येणार तो अंक कुठे कुठे जातो म्हणतात, रायपूर-भिलाईलाही मराठी माणसं आहेत. म्हणून राखलेलं इथे सोडतो.

तुळश्या, तू वाचत असशील तर ऐक. त्या सकाळी तू विचारलं होतंस, मी बी येऊ का. माय म्हणाली आहे, चाल.